वामनदादांचे वारसदार : गायनपार्टीच्या गीतांचा एक भाषिक विचार

एखाद्या लोकप्रिय गीतकाराचा प्रभाव त्याच्या मागून आलेल्यांवर पडला, असे विधान करणे सोपे असते. तो नेमका कोठे पडला हे दाखविणे मात्र अवघड. वामन तबाजी कर्डक (१९२२–२००४) यांच्याविषयी लिहिताना हे विधान वारंवार केले जाते. परंतु त्याच्या पुष्ट्यर्थ पुढे केला जाणारा पुरावा पाहिला, तर तो बहुधा विषयाचा असतो. वामनदादांनी बाबासाहेबांवर गीते रचिली, पुढील गीतकारांनीही रचिली. सबब प्रभाव सिद्ध झाला! या न्यायाने विठ्ठलावर लिहिणारा प्रत्येक जण तुकोबांचा शिष्य ठरेल. विषय हा समाजाचा असतो. कवीचा खरा ठसा उमटतो तो वाक्यावर.

हा विचार कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात करणे विशेष उद्बोधक आहे. कल्याणहून कर्जतला आणि तेथून पळसदरीवरून खोपोलीला जाणाऱ्या लोहमार्गाने हा मुलूख मुंबईच्या चाळींशी जोडला गेला. एका बाजूस भातशेती, दुसऱ्या बाजूस खोपोलीचे कारखाने, आणि ज्या जिल्ह्यात १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला त्याच जिल्ह्याचा हा अंतर्भाग. पूर्वीच्या कुलाबा व १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील बौद्ध वस्त्यांत भीमजयंतीला अथवा बुद्धपौर्णिमेला पेटी, ढोलकी आणि बेंजो घेऊन बसणारी गायनपार्टी ही वामनदादांच्या गीतांची खरी वाहक होय. तिच्या गायकांची नावे वाङ्मयेतिहासात येत नाहीत. तिच्यासाठी रचना करणाऱ्या स्थानिक कवीचे नाव तर शेजारच्या तालुक्यातही क्वचितच ठाऊक असते.

येथे भाषाभ्यासकाचे लक्ष प्रथम वेधून घेते ती एक विसंगती. याच जिल्ह्यात आगरी-कोळी बोलीतील गीतांची परंपरा अत्यंत जोमदार आहे. ‘डोळा’चा ‘डोला’, ‘पाणी’चे ‘पानी’, ‘घोडा’चा ‘घोरा’ करणारी ती बोली लग्नातल्या धवल्यापासून ध्वनिफितींवरील कोळीगीतांपर्यंत अभिमानाने मिरवते. भीमगीत मात्र सहसा या बोलीत रचिले जात नाही. गाणाऱ्याच्या उच्चारात ‘पानी’ ऐकू आले, तरी क्रियापदाची रूपे, विभक्ती व शब्दक्रम निराळ्या मराठीचे असतात. ही मराठी कोणाची? ती पुस्तकी नव्हे. वामनदादांचे अक्षरज्ञान शाळेतले नव्हतेच. ती सिन्नर तालुक्यातील त्यांच्या देशवंडी गावचीही पुरती नव्हे. शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत नाशिकचा, खानदेशचा, वऱ्हाडचा आणि कोकणचा श्रमिक ज्या भाषेत एकमेकांशी बोलला, तिच्यातून घडलेली ही सर्वांना कळणारी गीतभाषा आहे. कर्जत-खालापूरच्या स्थानिक कवीने वामनदादांकडून सर्वप्रथम काय घेतले असेल, तर ही भाषा. तिच्यासाठी त्याने घरची बोली उंबऱ्याबाहेर ठेविली. महाराष्ट्रभर एकाच समाजाचा आवाज ऐकू यावा, यासाठी ही किंमत त्या काळी रास्तच होती. आज तीच किंमत पुन्हा मोजावी काय, हा प्रश्न मात्र कोळीगीताच्या यशाने उभा केला आहे.

दुसरा वारसा चालीचा. १९४३ साली वामनदादांची पहिली रचना झाली ती एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन म्हणून. परिचित चालीवर नवा आशय चढविण्याची ही रीत पुढे गायनपार्ट्यांनी इतकी आत्मसात केली की, तिला प्रभाव म्हणण्यापेक्षा सवय म्हणणे योग्य. विशेषणांचेही तेच. सूर्य, निळाई, दीनांचा कैवारी ही शब्दसामग्री हाती लागली म्हणजे गीत तयार होते. पण असे गीत वामनदादांच्या गीताशेजारी ठेविले की फिके वाटते. हे का होते, याचे उत्तर व्याकरणात सापडते.

वामनदादांच्या उत्कृष्ट गीतांत स्तुतीचे विधान हा केंद्रबिंदू नसतो. तेथे एकतर प्रश्न असतो किंवा संकेतार्थ असतो. धनिकांची नावे घेऊन आपल्या वाट्याचा हिशेब विचारणारे त्यांचे गीत सर्वश्रुत आहे; त्याची सारी शक्ती प्रश्नवाचकात आहे. याहून सूक्ष्म प्रकार ‘जर–तर’चा. बाबासाहेबांच्या मताची मोजकी माणसे खरोखर असती तर काय घडले असते, असे विचारणारे त्यांचे गीत वरवर गौरवाचे दिसते. पण मराठीतील संकेतार्थ जे घडले नाही तेच सांगतो. ‘असते तर’ याचा अर्थ ‘नाहीत’ असा होतो, आणि तो समोर बसलेल्या श्रोत्यांना उद्देशून असतो. जयंतीच्या मंडपात टाळ्या वाजविणाऱ्या समुदायास त्याच्याच टाळ्यांवर गाऊन दाखविलेला हा उपालंभ आहे. स्थानिक कवीने प्रतिमा उचलल्या, चाल उचलली. हा उपालंभ त्याने क्वचितच उचलला. त्याचे कारण प्रतिभेचे दारिद्र्य एवढेच नसावे. आपल्याच वस्तीत, आपल्याच सोयऱ्यांसमोर बसून त्यांना दोष देणे अंगावर येण्याजोगे असते. गावोगाव फिरणाऱ्या वामनदादांना ती मोकळीक होती. वस्तीतच राहणाऱ्या कवीला नव्हती.

शहरातील वारसदारांकडे वळले की चित्र पालटते. विलास घोगरे व संभाजी भगत यांच्या पिढीने प्रश्नवाचक वाक्य उचलले आणि त्यास धार लाविली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेल्या गोळीबारानंतर घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांच्या गीतांचा विचार या घटनेच्या छायेतच होत राहिला, आणि वाक्यरचनेकडे दुर्लक्ष झाले, हे खेदाने म्हणावे लागते. २००२ साली पुण्यात स्थापन झालेल्या कबीर कला मंचाच्या गीतांतही प्रश्नाचाच जोर अधिक. मात्र तेथे प्रश्न प्रायः सत्तेला असतो. स्वजनांना विचारलेला प्रश्न विरळ होतो. गिटार आणि ड्रम घेऊन गाणाऱ्या ‘धम्म विंग्ज’सारख्या मुंबईच्या बौद्ध रॉक वाद्यवृंदात वाद्ये सर्वस्वी बदलली. ध्वनीने दिपलेल्या टीकाकारास तेथे परंपरा तुटल्यासारखी वाटते. वस्तुतः परक्या वाद्यावर आपला आशय बसविणे ही वामनदादांच्या पहिल्या रचनेचीच रीत आहे.

तुटले आहे ते अन्यत्र. वामनदादांच्या गीताचा शेवट नाममुद्रेने होतो. अभंगातील ही जुनी प्रथा. परंतु वामनदादांची मुद्रा पुष्कळदा वाक्याचा कर्ता अथवा संबोधन होऊन येते, त्यामुळे ती काढली तर अर्थ लंगडा पडतो. वाद्यवृंदांच्या आणि मंचांच्या गीतांत सहसा नाममुद्रा नसते, कारण तेथे कर्तृत्व समूहाचे मानले जाते. कर्जत-खालापूरच्या पार्ट्यांसारख्या मंडळींनी ही प्रथा राखली खरी, पण अनुकरणात मुद्रा पुष्कळदा पादपूरक झाली. शिवाय ‘वामन’ हे चार मात्रांचे नाव आहे. ‘सागर’, ‘माधव’ यांसारखे कोणतेही चार मात्रांचे नाव तेथे छंद न बिघडविता बसते. अर्थात गायकांच्या वहीतील एखाद्या गीताचे कर्तृत्व केवळ शेवटच्या कडव्यातील नावावरून ठरविणे धोक्याचे आहे. वामनदादांचे गीत दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकते, तसेच एखाद्या अज्ञात कवीचे गीत वामनदादांच्या नावावर. मुद्रा बदलता येते, वाक्याची ठेवण सहसा बदलत नाही. या वह्या जुन्या गायकांच्या घरी आहेत तोवर त्या उतरवून घेऊन अशा संशयित गीतांतील संकेतार्थी व प्रश्नार्थी वाक्ये तपासली, तर कर्तृत्वाचा निर्णय पुष्कळ अधिक खात्रीने करता येईल.