माध्यमांतर आणि ‘माझेपण’ : ‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकेच्या प्रेक्षकप्रतिसादाची चिकित्सा

प्रस्तावना :

साहित्यकृतीचे चित्रपटात होणारे माध्यमांतर मराठी समीक्षेला अपरिचित नाही. ‘श्यामची आई’ (1953) पासून ‘नटसम्राट’ (2016) पर्यंत अनेक चित्रपटांच्या निमित्ताने मूळ कृतीशी निष्ठा आणि नव्या माध्यमाचे स्वातंत्र्य यांची चर्चा आपल्याकडे झाली आहे. या चर्चेत एक गोष्ट गृहीत असते. ती म्हणजे मूळ कृती वाचलेली किंवा पाहिलेली असते. व्हिडिओ गेमवरून मालिका तयार होते तेव्हा हे गृहीतक अपुरे पडते. मूळ कृती वाचलेली नसते, पाहिलेलीही नसते. ती स्वतःच्या हाताने ‘केलेली’ असते. या भेदाचा प्रेक्षकांच्या प्रतिसादावर कोणता परिणाम होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात ‘द लास्ट ऑफ अस’ या अमेरिकन मालिकेच्या आधारे केला आहे.

मूळ कृती आणि मालिका :

‘नॉटी डॉग’ या संस्थेचा हा खेळ 2013 मध्ये आणि त्याचा दुसरा भाग 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. कॉर्डिसेप्स नावाच्या बुरशीच्या संसर्गाने मानवी संस्कृती कोसळली आहे. मुलगी गमावलेला जोएल हा प्रौढ पुरुष, संसर्ग होऊनही न बाधणाऱ्या एली या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन उद्ध्वस्त अमेरिका ओलांडतो, हे पहिल्या भागाचे कथासूत्र. क्रेग मेझिन आणि खेळाचे लेखक नील ड्रकमन यांनी त्यावरून एचबीओसाठी मालिका निर्माण केली. नऊ भागांचे पहिले पर्व जानेवारी ते मार्च 2023 मध्ये आणि सात भागांचे दुसरे पर्व एप्रिल–मे 2025 मध्ये प्रसारित झाले. जोएलची भूमिका पेद्रो पास्कल यांनी, तर एलीची बेला रॅम्झी यांनी केली आहे.

पहिल्या पर्वाचा प्रेक्षकवर्ग वाढत गेला. अमेरिकेत पहिल्या रात्री सुमारे 47 लाख प्रेक्षकांनी मालिका पाहिली. अखेरच्या भागाला हा आकडा सुमारे 82 लाख होता. दुसऱ्या पर्वात मात्र तो सुमारे 53 लाखांवरून 37 लाखांपर्यंत उतरला. या उतरणीचे खापर कथेतील एकाच घटनेवर फोडण्याचा मोह अनेकांना झाला. अखेरचा भाग सुट्टीच्या दिवसांत प्रसारित झाला होता, हेही लक्षात घ्यावे लागते. आकडा प्रेक्षकांची संख्या सांगतो. प्रतिसादाचे स्वरूप सांगत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष प्रसंगांकडे वळले पाहिजे.

तिसरा भाग : बदलाचे स्वागत आणि द्वेष

मूळ खेळाशी सर्वाधिक फारकत घेणारा भाग म्हणजे पहिल्या पर्वातील तिसरा भाग (29 जानेवारी 2023). खेळातील बिल हा कडवट, एकाकी माणूस आहे. त्याचा सहचर फ्रँक याने आत्महत्या केलेली असून मागे ठेवलेल्या पत्रात बिलविषयीचा तिरस्कारच आहे. मालिकेत हे नाते समूळ बदलले आहे. निक ऑफरमन (बिल) आणि मरे बार्टलेट (फ्रँक) दीर्घकाळ सुखाने संसार करतात आणि फ्रँक असाध्य आजाराने खंगल्यावर दोघे एकत्र मृत्यू स्वीकारतात. खेळातील या टप्प्यावर सापळे, झुंज आणि पलायन होते. मालिकेत बहुतांश वेळ एक घर, एक बाग आणि दोन माणसे एवढेच आहे.

‘निष्ठा’ हाच निकष असता, तर हा भाग सर्वाधिक नापसंत व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात समीक्षकांनी त्याचा गौरव केला, खेळ जाणणाऱ्या अनेकांनीही तो मनापासून स्वीकारला आणि ऑफरमन यांना या भूमिकेसाठी एमी पुरस्कार मिळाला. त्याच वेळी, प्रेक्षक जेथे गुण देतात अशा संकेतस्थळांवर या भागाला नीचतम गुण देणाऱ्यांची रीघ लागली. हा रोष कलात्मक बदलाविषयी असल्याचे भासवले गेले, तरी त्याचा मोठा भाग दोन पुरुषांच्या प्रेमाविषयी होता. ‘हे मूळ खेळात नव्हते’ हा आक्षेप येथे टिकत नाही, कारण बिलच्या समलिंगी असण्याचे स्पष्ट संकेत मूळ खेळातही आहेत. आक्षेपाची भाषा निष्ठेची आणि आशय पूर्वग्रहाचा असू शकतो, हा या प्रसंगाचा पहिला धडा होय.

रुग्णालयातील प्रसंग : कर्ता आणि साक्षी

पहिल्या पर्वाचा शेवट (12 मार्च 2023) अधिक मूलगामी प्रश्न उभा करतो. एलीच्या मेंदूतून औषध मिळू शकेल, पण ती जगणार नाही, हे कळताच जोएल रुग्णालयातील सशस्त्र माणसांना ठार करतो, शल्यविशारदाला मारतो आणि तिला उचलून नेतो. पुढे तो तिच्याशी खोटे बोलतो. कथानक दोन्हीकडे जवळजवळ एकच आहे. अनुभव मात्र भिन्न आहे. खेळात शल्यविशारदाला मारल्याखेरीज पुढे जाताच येत नाही. कळ खेळणाऱ्यालाच दाबावी लागते. त्याला ते कृत्य मान्य नसले, तरी ते त्याच्या हातून घडते. मालिकेत हेच हत्याकांड शोकात्म संगीताच्या पार्श्वभूमीवर, बंदुकांचा आवाज मंदावून दाखवले आहे. प्रेक्षक कर्ता राहत नाही. तो साक्षी होतो आणि म्हणूनच न्यायनिवाडा करण्यास मोकळा असतो. ‘जोएलने योग्य केले काय?’ असे मालिकेचा प्रेक्षक विचारतो. खेळलेल्या माणसाच्या मनात मात्र ‘मी काय केले?’ हा प्रश्न असतो.

जोएलचा मृत्यू : 2020 आणि 2025

या भेदाची खरी कसोटी दुसऱ्या कथाभागात लागते. मारल्या गेलेल्या शल्यविशारदाची मुलगी एबी सूड म्हणून जोएलला निर्घृणपणे ठार करते. 2020 मध्ये खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा हा प्रसंग आधीच फुटलेला होता. वीसहून अधिक तासांचा हा खेळ पुरा होणे शक्य नव्हते, एवढ्या अल्पावधीत ‘मेटाक्रिटिक’वर हजारो प्रतिकूल अभिप्राय आले. पुढे त्या संकेतस्थळाने खेळांवरील वापरकर्त्यांचे अभिप्राय प्रकाशनानंतर 36 तासांपर्यंत न स्वीकारण्याचे धोरण अवलंबिले. एबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पात्राचा अपराध कलावंताच्या माथी मारला गेला.

या क्षोभाचे कारण केवळ आवडत्या नायकाचा मृत्यू हे नव्हे. खेळाच्या उत्तरार्धात खेळणाऱ्याला दीर्घकाळ एबी होऊन खेळावे लागते. ज्या हातांनी जोएलला मारले, त्याच हातांनी पुढची वाट चालावी लागते. तिच्या सुडाचे मूळ खेळात पुष्कळ उशिरा उलगडते. मालिकेने हा क्रम बदलला. दुसऱ्या पर्वाच्या आरंभीच एबीचा (केटलिन डेव्हर) शोक आणि हेतू सांगितला जातो. मालिकेत प्रेक्षक एबीच्या देहात शिरू शकत नाही, म्हणून तिचे दुःख त्याला आधी सांगणे भाग आहे, अशी निर्मात्यांची भूमिका होती. डेव्हर यांची शरीरयष्टी खेळातील एबीप्रमाणे पिळदार नाही, या तक्रारीमागेही हेच आहे. खेळात ते शरीर खेळणाऱ्याने ‘वापरलेले’ असते. मालिकेत ते केवळ दिसते.

जोएलच्या मृत्यूचा भाग (20 एप्रिल 2025) पाहून खेळ न जाणणारे प्रेक्षक हादरले, शोकाकुल झाले. काहींनी मालिका पाहणेही सोडले असेल. परंतु त्यांच्या दुःखात आणि 2020 मधील संतापात एक फरक जाणवतो. हे दुःख पात्रासाठी होते. तो संताप बव्हंशी स्वतःच्या वतीने होता.

रसचर्चेच्या प्रकाशात :

भट्टनायकांनी मांडलेली आणि अभिनवगुप्तांनी विकसित केलेली साधारणीकरणाची संकल्पना येथे उपयुक्त ठरते. रसास्वादात भाव व्यक्तिगत संबंधांतून मुक्त होतो. हे माझे, ते शत्रूचे, ते तिऱ्हाइताचे, ही बंधने गळून पडतात आणि म्हणूनच शोकही आस्वाद्य होतो. मालिका हा मार्ग सहजपणे अनुसरते. खेळ मात्र प्रथम ‘माझेपण’ पराकोटीला नेतो आणि मग खेळणाऱ्याला शत्रूच्या जागी नेऊन ते मोडू पाहतो. ज्यांचे माझेपण मोडले, त्यांना ही कृती असामान्य वाटली. ज्यांचे मोडले नाही, त्यांना ती विश्वासघात वाटली. त्यांतील काहीजण तीच मालकी घेऊन मालिकेसमोर बसले, आणि चेहरा, शरीर वा क्रम यांतील प्रत्येक बदल त्यांना आपल्या मालमत्तेवरील अतिक्रमणासारखा भासला.

याचा अर्थ प्रत्येक आक्षेप मालकीतून आला असे नव्हे. दुसऱ्या पर्वाचा सात भागांत आटोपलेला आवाका आणि ऐन कळसाच्या क्षणी कथा एबीकडे वळवून केलेला शेवट, यांवरील टीका रचनेविषयीची असून ती विचारार्ह आहे.

निष्कर्ष :

प्रेक्षकप्रतिसाद म्हणून जे नोंदले जाते, त्यात किमान तीन भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात : रचनेविषयीचा आक्षेप, सामाजिक पूर्वग्रह आणि मालकीचा दावा. गुणांच्या सरासरीत या तिन्हींचे वजन सारखेच भरते. समीक्षेने ते सारखे मानता कामा नये. दुसरे असे की, खेळावरून झालेल्या माध्यमांतराचे मूल्यमापन करताना कथानकातील साम्य-भेद मोजणे पुरेसे नाही. कर्त्याचा साक्षी झाल्यावर अनुभवातील काय उरले आणि काय नव्याने मिळाले, हे तपासावे लागेल. आपल्या वर्गांतील अनेक विद्यार्थ्यांची कथेशी पहिली ओळख आज अशा खेळांतून होते. ‘मला आवडले नाही’ असे त्यांतील एखादा म्हणेल, तेव्हा ‘का?’ या प्रश्नाबरोबरच ‘ते तुझे होते म्हणून काय?’ हाही प्रश्न आपण त्याला विचारावयास हवा. शत्रूचा शोक समजण्याची क्षमता त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरापाशीच सुरू होते.