‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ : यंत्राचे सामर्थ्य आणि खेळाचा घाट

साधने वाढली म्हणजे कलेचाही विकास झाला, असे मानण्याकडे सर्वसाधारण कल असतो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या उड्या-अडथळ्यांच्या संगणकीय खेळमालेचा इतिहास ही समजूत तपासून पाहण्यास उपयोगी पडतो. या मालेतील एका खेळाच्या पुनर्निर्मितीचे काम आरंभी युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे होते. त्यामुळे येथील अभ्यासकांना हा प्रश्न विशेष जवळचा आहे.

जॉर्डन मेकनर यांचा मूळ खेळ १९८९ मध्ये ॲपल टू संगणकावर आला. आपल्या भावाच्या धावण्या-उडण्याचे चित्रीकरण करून त्यावरून मेकनर यांनी नायकाच्या हालचाली रेखाटल्या. परिणामी त्या देहाला वजन आले. ‘सुपर मारिओ’चा नायक हवेतही दिशा बदलू शकतो, येथे एकदा घेतलेली उडी फिरविता येत नाही. साठ मिनिटांची मुदत ही त्याच अटळतेची दुसरी बाजू होय. संगणकाची स्मृती अपुरी असल्याने निराळ्या प्रतिस्पर्ध्याच्या चित्रांना जागा उरली नाही. तेव्हा नायकाच्याच चित्रांतून त्याची छाया निर्माण करण्यात आली. तिला मारणे म्हणजे स्वतः मरणे; तलवार म्यान केली तरच दोघे एकरूप होतात. साधनाच्या उणिवेतूनच येथे आशय संपन्न झाला.

१९९९ मध्ये ही माला त्रिमितीत आली. पण तिसरी मिती लाभताच उडीतील नेमकेपणा हरवला. युबिसॉफ्टच्या माँट्रियल शाखेने २००३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘द सँड्स ऑफ टाइम’ने हा प्रश्न सोडविला. प्लेस्टेशन टू आदी यंत्रांच्या सामर्थ्यामुळे नायक भिंतीवरून धावू लागला. परंतु अधिक महत्त्वाची ठरली ती खंजिराच्या साह्याने काळ काही क्षण मागे नेण्याची शक्ती. ती वाळूच्या साठ्याने मर्यादित असल्यामुळे चुकीचे मोल नाहीसे होत नाही. उलट, २००८ च्या खेळात एलिका ही सोबतीण नायकाला प्रत्येक पतनातून वाचविते. चित्रे मोहक झाली. उडीतील भय मात्र गेले.

‘द सँड्स ऑफ टाइम’ची पुनर्निर्मिती सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर होताच तिच्या दृश्यरूपावर बरीच टीका झाली. प्रकाशन लांबले, मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये ते रद्द झाल्याचे जाहीर झाले. टीकेचा रोख प्रामुख्याने बाह्य रूपावर होता. काळ व उडी यांचा मेळ नव्या कृतीत कितपत राखला होता, हे पाहण्याची संधी रसिकांना मिळालीच नाही. म्हणून त्या कृतीविषयी अंतिम निर्णय देणे न्याय्य ठरणार नाही. चर्चेचा निकष अपुरा होता, एवढे मात्र म्हणता येते.

योग्य निकष कोणता, हे माँपेलिए शाखेचा २०२४ मधील ‘द लॉस्ट क्राउन’ सुचवितो. कितीतरी समर्थ यंत्रे हाताशी असता त्याने बाजूने दिसणारा जुना अवकाश पुन्हा स्वीकारला. त्याचा नायक सार्गन आपली छाया एका जागी ठेवतो आणि तिच्याकडे परत येतो. १९८९ मध्ये जी छाया निरुपायाने जन्मली, ती येथे हेतुपूर्वक योजिली गेली आहे. परंपरेचा विकास होतो तो असा : मर्यादेचे मर्म ओळखून तिला नवे कार्य दिल्याने, तिच्यावर नुसता नवा मुलामा चढविल्याने नव्हे.