नसूहची तौबा आणि कलीमचा नकार

उर्दूचे आद्य कादंबरीकार म्हणून डिप्टी नजीर अहमद (मृत्यू 1912) यांचे नाव घेतले जाते. त्यांची ‘तौबतुन्नसूह’ ही 1870 च्या दशकातली कादंबरी. तत्कालीन सरकारने तिला बक्षीसही दिले होते. आजवर ती इस्लाहची, म्हणजे सुधारणेची, कादंबरी म्हणून वाचली गेली. आम्हाला मात्र ती एका वेगळ्या प्रश्नाची कादंबरी वाटते. ज्याने ऐकायचेच नाही असे ठरवले आहे, त्याच्याशी बोलावे कसे?

कथानक थोडक्यात असे. दिल्लीत कॉलऱ्याची साथ येते. नसूह आजारी पडतो. ग्लानीत त्याला आपले मरहूम वडील अल्लाहच्या दरबारात जाब देताना दिसतात. बरा झाल्यावर तो तौबा करतो आणि साऱ्या घराला दीनच्या वाटेवर आणायचे ठरवतो. बायको फहमीदा साथ देते. धाकटी मुले ऐकतात. थोरला कलीम मात्र बापासमोर जायलाही तयार होत नाही. आई समजावते, भाऊ समजावतो. पण कलीम घर सोडतो. मग नसूह त्याची पुस्तके जाळतो.

लेखक नसूहच्या बाजूचा आहे, यात शंका नाही. पण त्याने लिहिलेले प्रसंग नीट तपासले तर निराळेच दिसते. मधला अलीम बदलू लागतो तो एका पाद्रीमुळे. लोक टर उडवत असताना तो पाद्री चिडत नाही, हे अलीमच्या मनात घर करते. धाकटा सलीम बदलतो तो आपल्या मित्रांच्या आजीच्या, हजरत बींच्या, मायेमुळे. थोरली मुलगी नईमा आईची थप्पड खाऊन अधिकच हट्टाला पेटते आणि पुढे खालाच्या घरी राहून आपोआप बदलते. वादात हरला म्हणून बदलला, असा एकही माणूस या कादंबरीत नाही. खुद्द नसूह तरी कुठे युक्तिवादाने बदलला? त्याला मृत्यूचे भय आणि एक स्वप्न लागले. ज्याला स्वतःला एवढे लागले, तो मुलाने मात्र एका निरोपात बदलावे अशी अपेक्षा करतो!

इथेच कादंबरीचा दोष आहे. कलीमचे मन वळवण्याचा मार्ग लेखकाला सापडत नाही, म्हणून तो त्याला आधी दारोदार फिरवतो, मग लढाईत जखमी करतो आणि मरणापूर्वी पश्चात्ताप करायला लावतो. बापाचे शब्द जिथे हरले तिथे लेखकाने मरणाला कामाला लावले. हा नसूहचा विजय म्हणता येत नाही.

तरीही आम्ही या कादंबरीला मोठी मानतो. कारण लेखकाने कलीमला मुका ठेवलेले नाही. त्याची बाजू इतकी जिवंत उतरली आहे की वाचकाचे मन त्याच्याकडे ओढले जाते.

आजही आपल्या घरांत नसूह आहेत. कोणी दीनसाठी, कोणी मुलीच्या शिक्षणासाठी, कोणी हुंडा बंद व्हावा म्हणून आग्रह धरतो. हेतू चांगलाच असतो. पण समोरच्याला आधी गुन्हेगार ठरवून केलेली नसीहत त्याच्या कानापर्यंतच जाते. आम्ही शिक्षक मंडळी पालकसभेत हे नेहमी पाहतो. चारचौघांत ‘नाही’ म्हणालेला बाप सर्वांसमोर ‘हो’ म्हणत नाही. त्याला परतायला वाट ठेवावी लागते. नसूहने कलीमसाठी ती ठेवली नाही. सुधारणेची तळमळ असणाऱ्यांनी ही कादंबरी त्यासाठी पुन्हा वाचावी.