‘अप्रकाशित’ या शब्दाचा अधिकार : पाटणच्या शिलालेखावरून ग्रंथशोधाचा विचार

गेल्या वर्षभरांत आमच्याकडे अभिप्रायार्थ जीं टिपणें आलीं, त्यांपैकीं तिहींत एकच विधान थोड्याबहुत शब्दभेदानें आढळलें : ‘सदर लेख अद्यापि अप्रकाशित असून त्याचा उल्लेख कोठेंहि सांपडत नाहीं.’ टिपणकारांनीं अक्षरें लावण्यांत पुष्कळ श्रम केले होते. परंतु कोठें शोधिलें, कोणत्या नांवानें शोधिलें व कोठें शोधिलें नाहीं, याविषयीं एक ओळहि कोणी लिहिली नव्हती. विचारतां उत्तर आलें कीं, संगणकावर नांव घातलें, कांहीं निघालें नाहीं.

‘निघालें नाहीं’ आणि ‘नाहीं’ हीं दोन विधानें भिन्न आहेत. अभावाचें ज्ञान होण्यास योग्यानुपलब्धि लागते, असें आपल्या शास्त्रकारांनीं म्हटलें आहे. वस्तु तेथें असती तर खास दिसली असती, अशी सर्व सामग्री सिद्ध असूनहि ती दिसली नाहीं, तरच ती नाहीं असें म्हणण्याचा अधिकार येतो. अंधारांत घट दिसला नाहीं, एवढ्यावरून घटाभाव सिद्ध होत नाहीं. ग्रंथशोधाची सारी विद्या म्हणजे ही सामग्री सिद्ध करण्याची विद्या होय. ती कशी असावी हें आमच्या खानदेशांतील एका प्रसिद्ध उदाहरणावरून दाखविण्याचें योजिलें आहे.

चाळीसगांव तालुक्यांत पाटणें येथें देवीच्या देवालयांत एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. त्यानें सिद्धान्तशिरोमणिप्रभृति ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला व त्यास निकुंभवंशीय सोइदेवानें दान दिलें, असा त्यांतील आशय आहे. भास्कराचार्यांच्या वंशाची परंपरा त्रिविक्रमापासून त्यांत दिली असून शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे. इतका महत्त्वाचा लेख सुलभपणें सांपडावा, असें कोणासहि वाटेल. आतां तो छापला गेला कोठें तें पाहावें.

डॉ. भाऊ दाजी यांनीं तो प्रथम इ. स. १८६५ त लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. पण त्या निबंधाचें शीर्षक आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल व भास्कराचार्य यांचा काल आणि त्यांच्या ग्रंथांचें प्रामाण्य, अशा अर्थाचें आहे. शीर्षकांत पाटण नाहीं, खानदेश नाहीं, चांगदेव नाहीं, शिलालेख हा शब्दहि नाहीं. पुढें कीलहॉर्न यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडांत (१८९२) तो लेख पुन्हा संपादिला. तेथें शीर्षकांत सिंघण, सोइदेव व हेमाडिदेव हे तिघे आहेत, पण भास्कराचार्य नाहींत. म्हणजे जो भास्कराचार्यांच्या नांवानें शोधील त्यास एक हातीं लागेल व दुसरा निसटेल. जो राजाच्या नांवानें शोधील त्याची गत नेमकी उलट होईल. शीर्षक हें ग्रंथाचें दार खरें, पण घरांत काय आहे हें दारावरून कळत नाहीं.

याहून घातक गोष्ट गांवाच्या नांवाची आहे. कीलहॉर्न यांच्या शीर्षकांत व १८८० च्या खानदेश गॅझेटियरांत या गांवाचें नांव रोमन लिपींत ‘पाटणा’ असें छापलें आहे. आम्ही शिक्षक असतां सुटीच्या दिवसांत या लेखांतील मराठी ओळी उतरून घेतल्या, ग्रंथालयाच्या कार्डांचे खण ‘पाटण’ व ‘पाटणें’ या दोन शब्दांनीं चाळले आणि ‘अप्रकाशित’ अशा मथळ्यानें टिपण एका संपादकांकडे धाडलें. पाटणा या नांवाचें कार्ड आमच्या हातून गेलें होतें. पण तें बिहारांतील समजून आम्हीं पुढें सारलें. संपादकांनीं टिपण परत पाठविलें व समासांत एवढेंच लिहिलें कीं, १८९२ चा खंड पाहावा. ती एक ओळ आम्हांस पुष्कळ शिकवून गेली. तरुण टिपणकारांस आम्ही आज जें सांगत आहों, तें पंडिताच्या अभिमानानें सांगत नसून चुकलेल्याच्या अनुभवानें सांगत आहों.

यावरून पहिला नियम असा कीं, शोधास बसण्यापूर्वीं नांवांची याद करावी. एकाच गांवाचीं मराठी, संस्कृत, फारसी व इंग्रजी रूपें लिहून काढावींत. धुळ्याचें इंग्रजी रूप पूर्वीं धुलिया असें होतें. सबंध खानदेशचा जिल्हा १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असा दुभंगला. पूर्व खानदेशास जळगांव जिल्हा हें नांव १९६० सालीं मिळालें. नंदुरबार तर १९९८ सालीं निराळा झाला. तेव्हां १८८० च्या पुस्तकांत ‘जळगांव जिल्हा’ शोधणारा रिक्तहस्तें परत येणारच. संगणकास तर याहूनहि जपावें लागतें. ‘सांपडलें’ व ‘सापडले’, ‘धुळें’ व ‘धुळे’ हे आपल्यास एकच शब्द वाटतात. यंत्रास अनुस्वारामुळें ते पुष्कळदां वेगळे दिसतात. जुन्या इंग्रजी ग्रंथांतील ठिपक्यांचीं व रेघांचीं अक्षरें ओळखतांनाहि यंत्र चुकतें. यंत्राची निंदा करण्याचें कारण नाहीं. लंडनचा १८६५ चा अंक आज घरबसल्या वाचतां येतो, हे त्याचे उपकार थोडे नव्हेत. पण यंत्र आपण विचारिलेल्या अक्षरांस उत्तर देतें, मनांतल्या अर्थास नव्हे.

दुसरा नियम कालाचा. पाटणच्या दानाचा शक ११२८ व संवत्सर प्रभव दिला आहे. शकांत ७८ मिळवून जो १२०६ सन काढील, त्यास संवत्सर जुळणार नाहीं. कारण प्रभव १२०७ मध्यें पडतो. म्हणून दोन्ही सनांखालीं शोधावें आणि दुसऱ्याच्या पुस्तकांत निराळा सन दिसला म्हणजे तो निराळा लेख, असें समजूं नये.

तिसरा नियम परंपरेचा. एक लेख सांपडला म्हणजे त्यानें कोणाचा आधार घेतला हें पाहत मागें जावें व त्याचा आधार पुढें कोणी घेतला हें पाहत पुढें यावें. भास्कराचार्यांच्या कुलाचा धागा धरून असें चाललें म्हणजे त्याच तालुक्यांतील बहाळ येथील शके ११४४ चा लेख हातीं येतो. त्यांत भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपति याचा नातू अनंतदेव यानें भवानीचें देवालय बांधल्याचें सांगितलें आहे. ‘पाटण’ या शब्दानें कितीहि शोधिलें तरी बहाळ सांपडलें नसतें. माणसाच्या नात्यानें सांपडलें.

मागें जाण्याचा दुसरा लाभ असा कीं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें विधान मुळाशीं तपासतां येतें. भास्कराचार्यांनीं आपलें गांव सह्य पर्वताजवळील विज्जडविड असें सांगितलें आहे. फैजीनें १५८७ सालीं लीलावतीच्या फारसी भाषांतरांत बेदर म्हटलें. पुढें कित्येक ग्रंथकारांनीं विजापूर लिहिलें व तें एकमेकांचें पाहून लिहीत गेले. आमच्याकडे पाटणें हेंच जन्मस्थान असें अभिमानानें सांगतात व पुराव्यादाखल हा शिलालेख पुढें करितात. खानदेशचा अभिमान आम्हांसहि आहे. परंतु शिलालेख नातवाच्या मठाविषयीं बोलतो; आजोबांच्या जन्मस्थानाविषयीं बोलत नाहीं. पाटणच्या पक्षीं अनुमानास जागा आहे. तें अनुमानच म्हणून मांडावें. मूळ न वाचतां आधार देणें ही चूक परक्यानें केली काय आणि आपल्या माणसानें केली काय, सारखीच.

हस्तलिखितांचा संग्रह करणारांस आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. बाडाची नोंद बहुधा त्यांतील पहिल्या प्रकरणाच्या नांवानें होते आणि मागील अभंग, आरत्या, हिशेब, वैद्यकाचे कागद यादींत येत नाहींत. म्हणून धुळ्याच्या राजवाडे मंडळांत किंवा समर्थ वाग्देवता मंदिरांत जाणारानें यादीवर संतुष्ट न राहतां पानें उलटण्याची परवानगी मागावी आणि ग्रंथ नांवानें न मिळाल्यास आरंभचरणानें व समाप्तीच्या मजकुरानें ताडून पाहावा. संस्कृत पोथ्यांसाठीं ऑफ्रेख्टची सूची (१८९१–१९०३) व मद्रास विद्यापीठाची १९४९ पासून निघालेली नवी सूची, या दोहोंचीं पानें पाहिल्यावांचून ‘अज्ञात ग्रंथ’ हे शब्द लिहूं नयेत.

सारांश, आमची सूचना फार लहान आहे. प्रत्येक टिपणाच्या शेवटीं तीन ओळी असाव्यात : कोणत्या सूची, कोणते संग्रह व कोणतीं वर्षें पाहिलीं, कोणत्या नांवांनीं पाहिलीं, आणि काय पाहावयाचें राहिलें. ‘अप्रकाशित’ याऐवजीं ‘एवढ्या ठिकाणीं पाहतां प्रकाशित झाल्याचें आढळलें नाहीं’ असें लिहिल्यानें टिपणाचें मोल कमी होत नाहीं. उलट पुढच्या शोधकाचे तेवढे दिवस वांचतात. ज्या तीन टिपणांवरून हा विचार सुचला, त्यांच्या कर्त्यांस आम्हीं हीच विनंती केली आहे. त्यांपैकीं एकानें नव्यानें शोध आरंभिला असून आपल्या लेखाची दोन पूर्वप्रकाशनें त्यास सांपडलीं आहेत. टिपण लहान झालें, पण आतां तें छापण्यास योग्य झालें. असो.