नकाशा कोणाचा, आणि वापरायचा कसा?

शनिवारी रात्री आमच्या हॉस्टेलवर टेबलटॉप रोलप्लेइंग गेम रंगतो. एक जण गेम मास्टर, बाकीचे पात्रं. फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. मागच्या महिन्यात गेम मास्टर मी होते. एक तयार नकाशा पीडीएफमध्ये विकत घेतला आणि प्रोजेक्टरवर लावला. गुप्त दाराची 'एस' ही खूण चित्रातच मुरलेली होती. पहिल्याच मिनिटाला एक जण म्हणाला, "ते एस म्हणजे गुप्त दार ना?" झालं! सगळी मजाच गेली.

नंतर मी ती खूण कशीबशी खोडली. ज्युनियर मुलींनी तोच नकाशा मागितला, तेव्हा अटी वाचल्या: बदललेली आवृत्ती कोणालाही देता येणार नाही.

नकाशांची परीक्षणं बहुतेक एकच प्रश्न विचारतात: वाचता येतो का? माझं म्हणणं, दुसराही विचारायला हवा: बदलता येतो का, आणि बदललेला पुढे देता येतो का? दोन उदाहरणं बघू.

पहिलं, 'इन सर्च ऑफ द अननोन'. माइक कार यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'साठी 1970च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेलं साहस. नवशिक्या गेम मास्टरसाठी असूनही वरच्या मजल्याचा नकाशा भलताच गुंतागुंतीचा आहे. वाकड्यातिकड्या बोळांत आपणच हरवतो. पण खोल्यांच्या वर्णनात राक्षस आणि खजिना यांच्यासमोर चक्क रिकाम्या जागा सोडल्यात. मागच्या याद्यांमधून निवडून त्या आपण भरायच्या. शिवाय नकाशा सुट्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, म्हणजे तो समोर उघडा ठेवून वर्णन वाचता येतं. टेबलावर हे डंजन पूर्णपणे तुमचं होतं. छापायला गेलात तर मात्र नाही.

दुसरं, कॅनडातले नकाशाकार डायसन लोगोस. त्यांचे बरेच नकाशे श्रेय दिलं की व्यावसायिक कामातही फुकट वापरता येतात. सगळे नाही, काही फक्त वैयक्तिक वापरासाठी आहेत, त्यामुळे प्रत्येक नकाशाखालची ओळ वाचावीच लागते. खोल्यांना बहुधा क्रमांक नसतात, ते आपण घालायचे. पण भिंतींबाहेरच्या आडव्यातिडव्या रेघांची ती प्रसिद्ध झालर बघा. दिसते सुंदर, पण एक खोली वाढवायची म्हटलं की झालर खोडा, पुन्हा त्याच हाताने काढा. परवाना मोकळा, पण रेषा हट्टी.

एकाने वापर सोपा केला, दुसऱ्याने मालकी सैल केली. दोन्ही एकत्र मिळणं दुर्मीळ, आणि त्यामागे कायदाही आहे. अमेरिकेच्या 1790 च्या पहिल्या कॉपीराइट कायद्याच्या नावातच नकाशे पुस्तकांच्या आधी येतात. आपल्या 1957 च्या कायद्यात कलम 2(सी) नुसार नकाशा ही 'कलाकृती' आहे. भुलभुलैयाच्या कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, पण रेखाटनावर असतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे मूळ नियम जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले, पण त्या दस्तऐवजात आहेत ते नियम; साहसांचे नकाशे नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, याचा रिसर्चशी काय संबंध? मी भूशास्त्रात पीएचडी करते. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एका पेपरमधला नकाशा थोडा बदलून, खाली 'यावरून सुधारित' लिहून टाकला होता. गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "परवानगी आहे का?" नव्हती. श्रेय देणं वेगळं आणि परवानगी वेगळी, हे मला तेव्हा कळलं. शेवटी मूळ डेटा घेऊन नकाशा नव्याने काढला. तीन आठवडे गेले.

म्हणून दुसऱ्याची आकृती घेताना आधी परवाना बघा, मग देखणेपणा. स्वतःची आकृती काढताना नावं, खुणा आणि रेषा वेगवेगळ्या लेयरवर ठेवा, मूळ फाइल जपा, आणि ती कोण कशी वापरू शकतं हे खाली एका ओळीत लिहा. तुमच्या नंतर येणारी व्यक्ती ती उघडणार आहे.

गेल्या शनिवारी मी ग्राफ पेपरवर पेन्सिलीने नकाशा काढला. गुप्त दारं वर ठेवलेल्या ट्रेसिंग पेपरवर. खेळ संपल्यावर ज्युनियर मुलींना दोन्ही कागद देऊन टाकले.