गळाला लागलेले नाव

हेन्री सलिव्हन थॉमस हा मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी. 1885 साली त्याने तंजावरच्या सारामाफीवर अहवाल लिहिला, म्हणजे आमच्या शेतीपाण्याचा हिशोब त्याच्या हातून गेला होता. पण तो आठवला जातो 'द रॉड इन इंडिया' (1873) या गळाच्या मासेमारीवरच्या पुस्तकामुळे. ओरत्तनाडूत, कल्लणैच्या कालव्यातून येणाऱ्या कावेरीच्या पाण्याजवळ ते वाचताना वाटते की हे पुस्तक प्रेमाने लिहिले आहे, पण ते प्रेम निवडक आहे.

आधी गुण सांगतो. थॉमस नुसता शिकारी नव्हता. 1870 च्या दक्षिण कानडातील अहवालातच त्याने मत्स्यसंवर्धनाचा विषय हाती घेतला होता. पाण्यात कालवलेले विष आणि पिल्ले गाळून काढणारी बारीक आसाची जाळी यांवर त्याचा राग खरा आहे. विष आणि स्फोटके यांना बंदी घालणारा कायदा पुढे 1897 मध्ये झाला, त्यामागे अशाच लोकांचा आग्रह होता.

दोष आहे तो मोजपट्टीत. महसीर थोर का, तर तो विलायतेतल्या सामनपेक्षाही जोरात झुंजतो म्हणून. जो मासा दोरीला ताण देत नाही, त्याची थोरवी या पट्टीवर मोजताच येत नाही. तळ्यांतल्या गळासाठी थॉमसने 1887 मध्ये वेगळे पुस्तक लिहिले, हे मान्य. तरी पट्टी खेळाचीच राहिली.

या पट्टीचे परिणाम पाण्यात दिसले. पिसे आणि धागे बांधून केलेल्या खोट्या माशीवर ट्राउट पकडण्याची साहेबांची हौस नीलगिरीत भागेना, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री चार्ल्स विल्सन याने तिथल्या थंड ओढ्यांत परका ट्राउट रुजवला. त्यांतल्या अव्हॅलांचचे पाणी भवानीतून कावेरीला मिळते.

दुसरा परिणाम आम्हा मराठी वाचकांना अधिक टोचणारा आहे. 1839 मध्ये कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांचे वर्णन छापले आणि शास्त्रीय नावांत इथलेच शब्द घेतले : मुळा-मुठेचा खुद्री, घोड नदीचा मुसुल्ला. पुढे कावेरीतल्या कुबडाच्या प्रचंड महसीरला कित्येक दशके हेच 'मुसुल्ला' नाव चिकटले. ते चुकीचे होते, कारण साइक्सचा मासा महसीर नव्हेच. इकडे लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात खुद्रीची पैदास झाली आणि ती पिल्ले संवर्धनाच्या नावाखाली कावेरीतही सोडली गेली. महसीर म्हणजे महसीर, असाच सगळ्यांचा समज. खुद्री फोफावला आणि कुबडाचा मासा मागे हटला. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाची मासेमारी यांचा जाच होताच. 2018 मध्ये त्याची खरी ओळख 'टोर रेमादेवी' म्हणून पटली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. म्हणजे नाव सापडले तेव्हा मासा जवळजवळ हरवला होता.

हा ऱ्हास उघड कसा झाला, हेही पाहायला हवे. कावेरीवरच्या गळवाल्यांच्या तळावर मासा पकडून, नोंदवून परत सोडत. 1998 ते 2012 च्या त्या नोंदींच्या आधारे 2015 मध्ये संशोधकांनी हा मासा नाहीसा होत चालल्याचे दाखवले. त्या वहीत ना वर्णन, ना पराक्रम. तारीख, वजन, कोणता महसीर, अशाच नोंदी. थॉमसच्या रसाळ पानांना जे साधले नाही, ते या कोरड्या रकान्यांना साधले, कारण त्यांत दोन महसीर वेगळे लिहिले होते.

ओरत्तनाडूत सरफोजीराजांनी मुक्तांबेच्या स्मरणार्थ 1802 मध्ये उभारलेले छत्र आहे. आम्हीही दख्खनेतून या पाण्यावर आलेलो. येताना आमची नावे आणली, पण इथली शिकलोसुद्धा. लोणावळ्याच्या पिल्लांना ते शक्य नव्हते; त्यांना सोडणाऱ्यांना होते. म्हणून थॉमस जरूर वाचावा. मात्र त्याने 'महसीर' म्हटले की प्रत्येक वेळी विचारावे : कुठल्या नदीचा?