‘तमस’मधील किल्ली

शोक म्हणजे आक्रोश, अशीच दूरदर्शन-मालिकांची समजूत दिसते. गोविंद निहलानी यांची ‘तमस’ (१९८८) तिला ठळक अपवाद होय. फाळणीपूर्व दंग्यांत घर सोडून निघालेला वृद्ध हरनामसिंग आपल्या पत्नीसह राजो या मुसलमान स्त्रीच्या घरी आश्रय घेतो. तिचा नवरा लुटीची पेटी घेऊन परततो. कुलूप फोडले जात असता हरनामसिंग किल्ली पुढे करतो. पेटी त्याचीच असते! ना विलाप, ना दोषारोप. सर्वस्व गेल्याचे दुःख त्या किल्लीत सामावते, आणि जुनी ओळख लुटणाऱ्यालाच खाली मान घालावयास लावते.

ही भूमिका मूळ कादंबरीकार भीष्म साहनी यांनीच केली आहे. रावळपिंडीत जन्मलेल्या या लेखकाला निर्वासितपण अभिनयाने शिकावे लागले नाही. सुरेखा सिक्रींची राजो आश्रय देतानाही घरच्या पुरुषांना भिते. म्हणूनच तिची माणुसकी खरी वाटते.

दिल्लीच्या सरकारी क्वार्टरात आमच्याही ट्रंकेत गावाकडच्या बंद घराची किल्ली आहे. परंतु आम्हांस परतीचे तिकीट काढता येते. लाजपत नगरात वसलेल्या निर्वासितांना ते कधीच काढता आले नाही. हा भेद ‘तमस’ने आम्हांस शिकविला.